नावापर्यंतचा श्वास

"ही फेरी थांबेल याचा पुरावा नाही."

पडद्यावर तेच वाक्य पुन्हा उमटलं. नीलांबरी चौगुलेनं ओळ जरा फिरवून लिहिली आणि पुन्हा तपासायला टाकली. प्रमा, ही प्रोग्रॅम लिहायची नवी भाषा, क्षणभर थबकली आणि तिनं तेच उत्तर परत केलं.

"सासू भेटली बघा मॅडम तुम्हाला," शेजारच्या टेबलावरून इम्तियाज मुजावर म्हणाला. "आमची जुनी सी भाषा कशी गरीब गाय होती. सांगाल ते मुकाट करायची."

"त्या गायीनं बार्शीत माणूस मारला, इम्तियाज."

तो खाली मान घालून आपल्या सर्किटकडे बघत राहिला.

कुपवाडच्या एमआयडीसीत, एका बाजूला फौंड्री आणि दुसऱ्या बाजूला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, अशा मधल्या शेडमध्ये 'श्वासक' तयार होत असे. काडेपेटीहून लहान यंत्र. गळ्याखालच्या हाडापाशी, कातडीच्या आत बसवायचं. मान मोडलेल्या माणसाचा मेंदू श्वास घ्यायचा हुकूम देतच असतो, पण तो हुकूम मानेतच अडकतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यापर्यंत पोचत नाही. श्वासक त्या पडद्याच्या नसेला विजेचा हलका टोला देतो. टोला बसला की पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. टोला संपला की पडदा सैल पडतो आणि हवा बाहेर जाते. व्हेंटिलेटरच्या नळीला बांधलेली माणसं या एवढ्याशा डबीच्या जोरावर अंगणात येऊन बसू लागली होती.

प्रश्न होता तो पुढचा टोला कधी द्यायचा याचा. सुरुवातीचे श्वासक घड्याळावर चालत. माणूस बोलत असला तरी वेळ झाली की हवा आत ओढली जाई आणि वाक्य मध्येच तुटे. मग नीलांबरीनं श्वासनलिकेत तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवायचं सुचवलं आणि सी भाषेत एक ओळ लिहिली: हवा बाहेर जात आहे तोवर थांब. घसा आणि जीभ यांच्या नसा थेट डोक्यातून येतात, मान मोडली तरी त्या शाबूत राहतात. त्यामुळं माणूस घसा आवळून हवा बारीक धारेनं सोडू शकतो, आणि धार चालू आहे तोवर यंत्र थांबतं. रुग्ण लांब लांब वाक्यं बोलायला लागले. कंपनीत त्या ओळीला सगळे 'दादाची ओळ' म्हणत, कारण नीलांबरीनं ती आपल्या थोरल्या भावासाठी लिहिली होती आणि ते कधी लपवलं नव्हतं.

बार्शीच्या कमल ढोबळे एका दुपारी जेवून पडल्या होत्या. सेन्सरवर कफाचा पातळ थर बसला आणि तो एकच गोष्ट सांगत राहिला, हवा बाहेर जात आहे. ओळ थांबून राहिली. प्रोग्रॅम अडकला तर त्याला झटका देऊन उठवणारा पहारेकरी चिपमध्ये होता. पण प्रोग्रॅम अडकला नव्हताच. तो इमानानं वाट बघत होता, आणि वाट बघता बघता पहारेकऱ्याला 'मी जागा आहे' असंही कळवत होता.

मुलगी चहासाठी उठवायला गेली, तेव्हा यंत्र चालूच होतं.

*

"सी नको," डॉ. शुभदा आरवाडे म्हणाल्या. कंपनी त्यांची. मिरजेत पंचवीस वर्षं मणक्यांची ऑपरेशनं करून त्या यात उतरल्या होत्या. "पुढचं बोला."

"रस्ट घेऊ," इम्तियाज म्हणाला. "जुनीजाणती भाषा आहे, आपल्या पोरांना येते. मेमरीत कोण कुठं हात घालतो यावर तिची करडी नजर असते. आणि दादाच्या ओळीला वर एक टोपी घालू. पंधरा सेकंद झाली की काही झालं तरी टोला द्यायचा. विषय संपला."

"पंधराच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जालिंदरदादांना तेवढी लागतात म्हणून."

नीलांबरीला हे कुणी म्हणू नये असं वाटत होतं. ती उठून फळ्यापाशी गेली.

"एका श्वासाला पंधरा सेकंद थांबलं तर कुणी मरत नाही," ती म्हणाली. "पण सेन्सर अडकला तर प्रत्येक श्वास पंधरा सेकंदांनी येईल. पुढचा, त्याच्या पुढचा, रात्रभर. सकाळपर्यंत रक्तात विषारी वायू साचत जाईल. रस्ट आपल्याला हा प्रश्न विचारणार नाही. मेमरी सुरक्षित आहे ना, मग तिचं काम झालं. प्रमा विचारते."

हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी कुणी उकरून काढला नसता. प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणितानं सिद्ध करायची विद्या जुनीच; पण छोट्याशा प्रोग्रॅमच्या पुराव्याला तज्ज्ञांची अख्खी वर्षं जात. मग पुरावे शोधणारी यंत्रं निघाली. जे काम वर्षाचं होतं ते एका दुपारचं झालं. त्या जोरावर प्रमा भाषा उभी राहिली. तिच्यात लिहिलेली फेरी, म्हणजे अट पुरी होईतो पुन्हा पुन्हा चालणारी ओळ, संपेल हे सिद्ध झाल्याशिवाय ती चिपवर उतरतच नाही. जे सिद्ध करता येत नाही, ते गृहीत म्हणून फाइलच्या माथ्यावर उघड लिहावं लागतं. नियामक मंडळाला हे आवडलं नसतं तरच नवल. शरीराच्या आत बसणाऱ्या यंत्रांचा पुरावा मंडळ मागू लागलं होतं, आणि सगळ्या रुग्णांना मिळून एकच प्रोग्रॅम. रुग्णागणिक वेगळा आकडा हवा असेल, तर रुग्णागणिक वेगळा पुरावा आणि वेगळी परवानगी.

"सेन्सर खरं बोलतो, असं गृहीत लिहून टाका की माथ्यावर," इम्तियाज म्हणाला.

"बार्शीनंतर? कुठल्या तोंडानं लिहू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सेन्सर खोटा धरला तर किती थांबता येईल?"

"अशक्त माणसाला रात्रभर सोसेल एवढंच. चार सेकंद."

"तुझ्या भावाला काय होईल?"

"तो जगेल," नीलांबरी म्हणाली.

"मी ते नाही विचारलं." डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "भाषा तू निवड. पुराव्यावर सही तुझी राहील. मंडळाला मी तोंड देईन."

*

जालिंदर चौगुले हे नाव मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात कुस्तीच्या मैदानांना जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नसे. तो पैलवान नव्हता; मैदानाचा निवेदक होता. कुस्ती लागायच्या आधी पैलवानाची ओळख द्यायची, ती कशी, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. आधी गाव, मग तालीम, मग वस्ताद, मग बाप, मग मारलेली मैदानं आणि सगळ्यात शेवटी नाव. हे सगळं एका दमात. नाव पडलं की हलगीवर थाप पडे, पैलवान शड्डू ठोकी आणि माणसं उठून उभी राहात. नाव दुसऱ्या दमात गेलं तर थाप चुके, शड्डू चुके, मैदान थंड पडे. इतक्या वर्षांत जालिंदरचा दमाचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

एका जत्रेवरून परतताना जीप उलटली. तेव्हापासून मानेखाली त्याचं काही हलत नव्हतं. दादाच्या ओळीनं त्याला पुन्हा मैदानात नेलं होतं. चाकाच्या खुर्चीत बसून तो बोले, शैलावहिनी त्याच्या तोंडापुढं माइक धरून उभी राही.

रविवारी नीलांबरी बेडगला घरी गेली आणि त्याला सगळं सांगितलं. पोर्चमध्ये त्याची खुर्ची होती. शैलावहिनी पायरीवर बसून घेवडा निवडत होती.

"म्हंजे मी बोलतोय आन् तुजं मशीन मधीच टोकणार," जालिंदर म्हणाला. "किती टाइम म्हनलीस?"

"चार सेकंद."

"चार सेकंदात मी फकस्त गाव सांगतो गं, नीले. ते बी आपलं बेडग. कवठेमहांकाळचा पैलवान आला म्हंजे गावातच दम संपला की माजा."

वहिनी हसली. नीलांबरीलाही हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"बार्शीची बाई कोन हुती?" त्यानं विचारलं.

"कमल ढोबळे."

"बोलायची का?"

"मुलगी म्हणत होती, दिवसभर बहिणींशी फोनवर बोलायची. श्वास पुरायचा म्हणून."

"माज्या वळीमुळं."

"माझ्या ओळीमुळं, दादा. लिहिली मी."

जालिंदरनं घसा बारीक करून हवा सोडली, लांब, शेवटच्या थेंबापर्यंत, जणू हातातलं काही मोजून बघावं तशी. यंत्र थांबून राहिलं.

"माजं तेवडं जुनं ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "मी कुटं बार्शीला जातोय?"

"नाही ठेवता येत."

"ठेवता येत न्हाई का ठेवायचं न्हाई?"

"दोन्ही," नीलांबरी म्हणाली.

"बग, शैले, कशी बोलती. ह्या पोरीला इंजिनियर करताना बा म्हनलेला, जाल्या, ही मोठी हुईल. मोठी झाली खरी."

*

पण तिनं चार सेकंदांवर सोडलं नाही. पुढचे कित्येक आठवडे ती प्रमाशी झगडत राहिली, आणि अखेर तिला एक वाट सापडली. लांब थांबे बंदच करायचे कशाला? मोजून द्यायचे. तासाला तीन; चार सेकंदांपुढं धार चालू राहिली, की एक खर्ची पडला. सेन्सर खोटं बोलला, तरी तासात तीनच श्वास उशिरा येतील. तेवढं सगळ्यात अशक्त रुग्णालाही सोसेल. बाकीचे सगळे श्वास चार सेकंदांच्या आत. लांब थांब्यालाही पंधरा सेकंदांची टोपी होतीच.

तिनं ते लिहिलं, पुरावा शोधणाऱ्या यंत्राला दिलं आणि कँटीनमध्ये चहाला गेली. परत आली तर पडद्यावर एकच शब्द होता: सिद्ध.

फाइलच्या माथ्यावर गृहीतांची यादी होती. बॅटरी अमुक दाबाच्या खाली जात नाही. घड्याळ अमुकपेक्षा जास्त चुकत नाही. आणि पहिल्याच ओळीत: प्रोग्रॅमचा आरंभ एकदाच होतो. ही पहिली ओळ प्रमा लिहिणारा प्रत्येक जण लिही. शिकताना पहिल्या धड्यात ती असते, तिथून ती पुढच्या प्रत्येक फाइलीत जशीच्या तशी येते. कागदावर डावीकडं समास सोडावा तशी. नीलांबरीनंही ती तशीच घेतली होती. तिच्याकडं थांबून बघावं असं तिच्यात काही नव्हतं.

तिनं प्रमा निवडली आणि सही केली. नवा प्रोग्रॅम घरोघरच्या चार्जरमधून रुग्णांच्या गळ्याखाली उतरला.

"तीन?" जालिंदर फोनवर म्हणाला. त्या तासाचे तिन्ही थांबे त्यानं आधीच खर्चले होते; पुढचा शब्द निघेपर्यंत चार सेकंद संपले आणि त्याचा आवाज तुटला. श्वास आला. "मैदानात चाळीस कुस्त्या. असतात, बाई."

"मोठ्या तीन कुस्त्यांना वापर. बाकीचं तुकड्यानं बोल. लोक समजून घेतील."

"लोक," तो म्हणाला, आणि श्वास आल्यावरही पुढं काही बोलला नाही.

*

सोनवाडीच्या जत्रेच्या मैदानाला नीलांबरी मुद्दाम गेली. दुपार उतरत होती. तांबडी माती नुकतीच शिंपडलेली, कडेनं माणसांची दाटी, हलगीवाले उन्हाला धरून हलग्या तापवत होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जालिंदरची खुर्ची चढवलेली होती. डोक्याला कोशा फेटा. शैलावहिनी एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन उभी होती.

थांबे राखायला लहान कुस्त्या तो आपणहून तुकड्यातुकड्यानं बोलला. गाव. श्वास. वस्ताद. श्वास. मागं कोणीतरी म्हणालं, "म्हातारं झालं यंत्र." त्याच्याभोवतीची दोघं-चौघं हसली. नीलांबरीनं ऐकलं आणि जागेवरच उभी राहिली.

मग मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या. पहिल्या जोडीला जालिंदरनं मान मागं टेकली आणि सुरू केलं. गाव, तालीम, वस्ताद, बाप, पाडलेले मल्ल. आवाज चढत गेला, कुठं तुटला नाही, आणि टोकाला नाव पडलं. हलगी कडाडली. हसणारी माणसं उठून उभी राहिली होती.

एक, नीलांबरी मनात म्हणाली.

दुसरी ओळख. दोन. तिसरी. तीन. संपलं. हा तास संपेपर्यंत त्याला तुकडेच मिळणार होते.

चौथ्या जोडीची ओळख त्यानं एका दमात दिली. पाचव्या, सहाव्या जोडीचीही.

पुरावा खोटा निघाला, हेच आधी नीलांबरीच्या मनात आलं. गणितात कुठं फट राहिली? तिनं गर्दीतून ट्रॉलीच्या बाजूला सरकायला सुरुवात केली. सातव्या जोडीच्या आधी शैलावहिनीनं टॉवेल घेतला आणि नवऱ्याचा घाम पुसला. कपाळ पुसलं नाही, मान पुसली नाही. घडी केलेला टॉवेल तिनं डाव्या गळ्याखालच्या हाडावर ठेवला, क्षणभर दाबला आणि काढला. बरोबर तिथं, जिथं यंत्र होतं.

प्रत्येक श्वासकाबरोबर एक चुंबक येतं. यंत्र बिघडल्यासारखं वाटलं तर ते गळ्याखाली धरायचं; यंत्र बंद होऊन नव्यानं सुरू होतं. बेडगच्या घरी ते फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं असे.

नव्यानं सुरू झालेलं यंत्र आधीचं काही लक्षात ठेवत नाही. त्याच्या लेखी तास आत्ताच सुरू झालेला असतो. तिन्ही थांबे शिल्लक. आणि नीलांबरीच्या पुराव्यानं पहिल्याच ओळीत धरून चाललं होतं, की यंत्र एकदाच सुरू होतं.

"वहिनी!" ती ओरडली. हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शेवटच्या कुस्तीची ओळख जालिंदरनं दिली तशी त्या पट्ट्यात कुणी कधी ऐकली नसेल. पैलवानाच्या आज्यापासून सुरुवात केली. आवाज खाली जाऊन पुन्हा वर आला. आख्खं मैदान त्याच्या बरोबर श्वास धरून उभं होतं. नाव पडलं. थाप पडली. फेटे हवेत गेले.

जालिंदरची मान एका बाजूला कलली. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

नीलांबरी ट्रॉलीवर चढेपर्यंत वहिनीनं त्याची हनुवटी वर धरली होती. यंत्र टोले देत होतं. एक श्वास, दुसरा, तिसरा. ओठांचा रंग हळूहळू परतला. त्यानं डोळे उघडले. समोर बहीण दिसल्यावर तो हसला.

"बगितलीस?" तो म्हणाला. "आख्खं. मैदान. उठलं."

*

टेम्पो निघायला वेळ होता. जालिंदरला आत निजवलं होतं. बाहेर, चाकाशी, नीलांबरीनं वहिनीचा हात धरला आणि टॉवेल उलगडला. काळं, बिस्किटाएवढं चुंबक हातात आलं.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. एकदा यंत्राचा आवाज येगळा वाटला म्हनून धरलं. मग ते लांब बोलाय लागले. आम्हाला उमगलं."

"वहिनी, तो मेला असता आत्ता."

"म्हाईत हाय की मला." शैलावहिनीनं टॉवेल परत घेतला, नीट घडी केली. "वन्सं, तुमी दिवाळीला येता, रविवारी येता. मी रोज बगते. नवा पोग्राम आला त्या म्हयन्यात हे चार शब्द धड बोलले न्हाईत. भिताडाकडं तोंड करून पडायचे. मी इचारलं, चुंबक धरताना मी काय इचार करायचा? तर म्हनाले, कुंकवाचा करू नको. मी न्हाई करत."

"आणि मी काय करू?"

"तुमी काय बी करू नका. तुमाला दिसलंच न्हाई, असं समजा."

*

"तुमच्या वहिनींचं बरोबर आहे," इम्तियाज सोमवारी म्हणाला. शेडचा दरवाजा त्यानं लावून घेतला होता. "तुम्हाला काही दिसलं नाही. पुरावा खोटा नाही, मॅडम. गृहीत माथ्यावर लिहिलेलं आहे, सगळ्यांनी वाचलेलं आहे. मंडळानंसुद्धा. कुणी तुम्हाला विचारणार नाही."

"प्रश्न माझा नाही."

"मग कुणाचा? दादांना कळतं ते काय करतायत. मोठा माणूस आहे."

नीलांबरीनं फळ्यावर एक चौकोन काढला. सवय होती तिची. बोलताना हातात खडू लागे.

"समज दादा नाही. समज बार्शीसारखं घर आहे. सेन्सरवर कफ बसला. यंत्रानं एक लांब थांबा घेतला. माणूस कासावीस दिसतो. घरचे काय करतील?"

इम्तियाजनं श्वासकाबरोबर जाणारं पत्रक पुढं ओढलं.

"चुंबक धरतील. आपणच छापलंय पत्रकात, बिघडल्यासारखं वाटलं तर धरा. यंत्र नव्यानं सुरू झालं. सेन्सरवर कफ तसाच. पुन्हा तीन लांब थांबे. माणूस आणखी कासावीस. पुन्हा चुंबक." तिनं खडू ठेवला. "घरचे जितकं वाचवायला बघतील, तितका तो गुदमरेल. आपल्या हातानं नाही, त्यांच्या हातानं."

फौंड्रीतला भोंगा झाला. इम्तियाज खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"एक सांगू? तेव्हाच रस्ट घेतली असती तर हे कळलंच नसतं कुणाला."

"हो," ती म्हणाली. "सीमध्ये तर अजिबातच कळलं नसतं."

दुरुस्ती एका ओळीची होती. थांब्यांची मोजदाद चिपच्या अशा कोपऱ्यात ठेवायची, जिथलं लिहिलेलं यंत्र बंद पडलं तरी पुसलं जात नाही. माथ्यावरचं पहिलं गृहीत तिनं खोडलं. दादासाठी फट शोधताना प्रमानं तिला आठवडेच्या आठवडे रडवलं होतं. ही ओळ मात्र तिनं लिहिली, पाठवली, आणि हात टेबलावरून उचलायच्या आत पडद्यावर शब्द आला: सिद्ध.

तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. चुंबकाचं, ट्रॉलीचं, ओठांचं. डॉक्टरांनी मंडळाला त्याच दिवशी कळवलं. नवा प्रोग्रॅम आठवडा संपायच्या आत जाणार होता.

*

तो चार्जरमधून उतरायच्या आदल्या संध्याकाळी नीलांबरी बेडगला गेली. फोनवर सांगणं तिला जमलं नाही. जालिंदर पोर्चमध्येच होता. वहिनीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली.

"उद्यापासून चुंबकाचा उपयोग नाही, दादा," ती म्हणाली. "मोजदाद पुसली जाणार नाही."

"कोन बोललं. त्यांना?"

"मी."

यंत्राचा टोला बसे तेव्हा त्याच्या सदऱ्याची गुंडी किंचित वर येई आणि खाली जाई. रस्त्यावरून उसाची रिकामी गाडी खडखडत गेली.

"तीन तुझ्याकडं आहेत तासाला," ती म्हणाली. "मी मोठ्या कुस्त्यांना..."

"गप."

जालिंदरनं मान खुर्चीला मागं टेकली. ट्रॉलीवर टेकायचा तशीच. नीलांबरीला कळलं, तो एक लांब थांबा खर्चणार आहे. तिच्यासाठी.

"तर मंडळी ऐका," त्यानं सुरू केलं, आणि आवाज हलकाच होता पण मैदानातलाच होता, "गाव बेडग, तालीम कुपवाडच्या शेडातली, वस्ताद कोन न्हाई, एकटीनं घाम गाळल्याली, बाप मारुती चौगुले, ज्यानं दोन म्हशी जाऊ दिल्या पर पोरीचं गनित सुटू दिलं न्हाई, बार्शीच्या कमलबाईच्या बाजूनं मैदानात उतरल्याली, आन् सख्ख्या भावाला त्येच्याच दारात येऊन, पाठ मातीला लावून आस्मान दाखवल्याली, वाघाच्या काळजाची पठ्ठी..."

टोला बसला. सदऱ्याची गुंडी वर आली. हवा आत गेली.

भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी आतल्या दारात येऊन उभी होती. नीलांबरी वाट बघत राहिली. अंदाज चुकला असेल, पंधराची टोपी आडवी आली असेल, पुढच्या दमात सांगेल.

पण त्याचा अंदाज कधी चुकत नसे. हे तिला सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं.

जालिंदरनं डोळे मिटले होते. श्वास बाहेर गेला, वेळेवर आत आला, पुन्हा बाहेर गेला. पुराव्यात लिहिलं होतं तसंच सगळं चाललं होतं. नाव मात्र त्यानं घेतलं नाही.